जोह्याची डोळेवाली पिशवी

रोह्यात अजूनही निम्मी माणसं मला "टँकरवाले इसाजी" म्हणतात. मे महिना आला की एखादा जुना शेजारी फोन करतो, "भाऊ, पाव्हणे आलेत, एक टँकर धाडता काय?" मी जन्मात कधी पाण्याचा टँकर विकलेला नाही. पण कुणाकुणाला समजावत बसणार? माझं काम एका वाक्यात सांगायचं तर, जे वाहतं ते इथून तिथे न्यायचं आणि वाटेत सांडू द्यायचं नाही.

आमच्या घराण्याला हे नवीन नव्हतं. आम्ही कोकणातले ज्यू, बेने इस्रायल. गावातले जुने लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद. माझं कागदावरचं नाव आयझॅक, पण आमच्यात त्याचा इसाजी पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय. त्यामुळे तरुणपणी कित्येक जण मला मराठा समजून चांगल्या चांगल्या मुली सुचवून गेले. आजोबांनी घाण्यातलं तेल डब्यात ओतलं, मी टँकरमधलं रसायन टाकीत ओतलं. फरक एवढाच की आजोबांचं सांडलं तर बोट लावून चाटता यायचं.

माझी पहिली वर्षं रोह्याशेजारच्या धाटावच्या एका कारखान्यात टाक्यांवर गेली. बाहेरच्या माणसाला वाटतं, नळी लावली, पंप सुरू केला, झालं. अहो, द्रव बिचारा सरळ असतो. वाकडी असते ती हवा. पंपाला द्रव ओढायची सवय असते. त्याच्या तोंडात हवा शिरली की तो पिसाळतो, थुंकतो, उड्या मारतो. टाकीवरच्या माणसाची सगळी हुशारी ही हवा बाहेर ठेवण्यात असते.

हे मी शिकलो ते पेणच्या एका लग्नात. वधूपिता हौशी माणूस. त्याला पंगतीत सोलकढी नळानं वाढायची होती! "इसाजी, लोक नाव काढतील असं करा." मी कोरी नळी आणि कोरा पंप घेऊन गेलो. पहिली पंगत अशी झाली की बायका वाट्या पुढे करून हसत होत्या. दुसऱ्या पंगतीला आचाऱ्यानं आत किती उरलीय बघायला पिंप कलतं केलं. पंपानं हवा ओढली. नळी हातातून सुटली आणि नवऱ्यामुलाचे मामा पांढऱ्या सफारीत बसले होते ते डोक्यापासून गुलाबी झाले. वरपक्षाला वाटलं हा आमच्याकडचा स्वागताचा प्रकार आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. वधूपित्यानं माझं नाव काढलं, पण ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

पुढे नव्वदच्या दशकात मी मोठा कारखाना सोडून धाटावातच एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. टाक्या, नळ्या, व्हॉल्व्ह बनवायचे आणि चालवून दाखवायचे. काम बेताचं. मालक भला माणूस, पण वर्कशॉप आज बंद होतंय की उद्या अशा चेहऱ्यानं रोज कुलूप उघडायचे. आणि एक दिवस दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेतून पद्मामॅडम आल्या.

मॅडम मूळच्या तमिळ, शिकल्या पुण्यात. त्यामुळे मराठी इतकी शुद्ध की आमचीच जीभ अडखळायची. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "इसाजी, टाकीतलं पाणी बाहेर काढण्यासाठी आपण नळी कुठे जोडाल?"

"तळाला."

"आणि टाकीला तळच नसेल तर?"

मला वाटलं बाई अध्यात्मातल्या आहेत. मी मालकांकडे बघितलं, मालक छताकडे बघत होते.

मग त्यांनी सांगितलं. पृथ्वीभोवती एक परदेशी स्थानक फिरतंय, त्यात माणसं राहतात. त्यांना प्यायला, धुवायला पाणी लागतं. ते खालून यानातून जातं आणि तिथे यानाच्या टाकीतून स्थानकाच्या टाकीत भरावं लागतं. पण तिथे वजन नाही. पाणी खाली बसत नाही, कारण खाली असं काही नाहीच. त्याचे गोळे होऊन टाकीभर हिंडतात आणि हवा त्यांच्यात मिसळून बसते. पंप लावला तर एक घोट पाणी, एक घोट हवा. मी त्यांना मामांची गोष्ट सांगितली. मॅडम इतक्या हसल्या की बशीतला चहा साडीवर सांडला. म्हणाल्या, "अगदी हेच! वर रोज सोलकढीच आहे."

यावर उपाय असा की टाकीत रबरी पिशवी बसवायची. पाणी पिशवीच्या आत, हवा पिशवीच्या बाहेर. बाहेरून हवेचा दाब दिला की पिशवी चेपते आणि टूथपेस्टसारखं पाणी नळीतून निघतं. हवेची आणि पाण्याची भेटच होत नाही. ही पिशवी नीट कशी चेपते, कुठे घडी पडते, हे बघण्याचा एक प्रयोग मॅडमच्या संस्थेला त्या स्थानकावर पाठवायचा होता. त्याआधी जमिनीवर त्याचं चालतं मॉडेल हवं होतं, काचेसारख्या पारदर्शक टाकीचं. मॉडेल पास झालं तर पुढची अशी सगळी मॉडेलं आमच्याकडे. नाही झालं तर मालकांच्या कुलपाचा प्रश्न कायमचा सुटणार होता.

माझाही सुटणार होता. आमच्या घरात तेव्हा बॅगा भरायचा विषय निघाला होता. माझे दोघे भाऊ, बहीण, रूथचे माहेरचे झाडून सगळे इस्रायलला गेलेले. रूथ म्हणजे माझी बायको. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इथे दहा जमवायचे तर पेणपर्यंत निरोप धाडावे लागायचे, आणि आलेल्यांत दोघांना ऐकू यायचं नाही. रूथ एका रात्री जेवताना म्हणाली, "ह्ये तुमचं वरच्या पाण्याचं काम जमलं आणि वर्कशॉप चाललं तर राहू. नाय जमलं तर भावानं कागद धाडलेत, त्यावर सह्या करू. मला असं लोंबकळत ठेवू नका."

"बरं गो," मी म्हटलं.

मला जायचं नव्हतं. साफ सांगतो. भाऊ तिकडून लिहायचे, इथे सगळं आहे. असेल. पण तिथे भांडायला ओळखीची माणसं कुठे होती? मी रोज सकाळी नदीपलीकडच्या अष्टमीच्या नाक्यावर ज्यांच्याशी वाद घालतो त्यांना सोडून जायचं मला जिवावर यायचं.

अशात परदेशातून पिशवी आली. मधे बंदरात कुठेतरी उन्हात पडून राहिली असावी. पहिल्यांदा भरून चेपली आणि घडीवर अशी तडकली, जशी पायाची टाच तडकते. दुसरी यायला कित्येक महिने लागणार. मॅडमच्या वरिष्ठांची तारीख ठरलेली. मालक डोकं धरून बसले.

मी मात्र दुसऱ्या दिवशी गाडी धरून पेणला उतरलो आणि एसटीनं जवळच्या जोहे गावाला गेलो.

जोह्यात घरोघर गणपती. आणि गणपतीचे साचे रबराचे. मूळ मूर्तीवर पातळ रबराचे हात मारतात, वाळवतात, पुन्हा मारतात. सोलून काढलं की मुकुटावरच्या मोत्यासकट नक्षी उमटलेली असते. या कामात दत्तू म्हात्रे सगळ्यांत वाकबगार, हे मला स्वतः दत्तूनंच सांगितलं होतं. तो ते दर भेटीत सांगायचा.

"दत्तू, एक पिशवी पायजे. रबराची."

"कसली?"

"पाण्याची. अंतराळातल्या कामाची."

दत्तूनं माझ्या तोंडाजवळ येऊन वास घेतला. "इसाजी, आज शनवार नाय ना रं? सुट्टीची घेतलीस काय?"

पण काम समजल्यावर गडी पेटला. पिशवी अखंड हवी, जोड नको आणि तोंड अरुंद, मग आतला साचा काढायचा कसा? मी विचारायच्या आत तो म्हणाला, "शाडूचा गोळा करू. वर रबर चढवू. सुकलं की आत पाणी घालून शाडू विरघळवू, तोंडातून वतून टाकू. झाली पिशवी." आणि लगेच, "हाय का दुसरा कोण ह्या तालुक्यात?"

नव्हता. मी मान्य केलं.

त्या दिवशी तो एका मूर्तीची आखणी करत होता. आखणी म्हणजे डोळे. पेणच्या मूर्तीचं सगळं मोल तिथे असतं. श्वास रोखून, एका ओढीत पापणी. मग बुबुळ. मी म्हटलं, हा गणपती थोडा खाली बघतोय. दत्तू म्हणाला, "मग? देव चौरंगावर, माणूस जमिनीवर बसलेला. देवानं खाली नाय बघितलं तर दिसल कोण त्याला?"

काही आठवड्यांनी दत्तू स्वतः पिशवी घेऊन धाटावला आला. एसटीत गर्दी होती म्हणून पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आला होता. मॅडमही त्याच दिवशी आलेल्या. त्यांनी आधी आत पाणी घालून ते पांढऱ्या रुमालातून गाळलं. शाडूचा एक कण नाही. खूश झाल्या. मग पिशवी उलटी फिरवली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

पिशवीला दोन डोळे होते. लांब, पाणीदार, पापणीला बारीक लाल कड, नजर जराशी खाली.

"हे काय आहे?" मॅडम.

"डोळे," मी.

"ते दिसतंय. का आहेत?"

दत्तू पुढे झाला. "मॅडम, आमच्या हातनं बिनडोळ्याचं काय भायेर पडत नाय. आंधळं कसं धाडायचं?"

"रंगाचे पापुद्रे सुटले तर सगळं यंत्र खराब होईल."

"कसा सुटल? रंग रबरातच कालवलाय. नि भायेरच्या अंगाला हाय, पाण्याला शिवत नाय. आम्हाला पण अक्कल हाय थोडी."

दुसरी पिशवी नव्हतीच. मॅडमनी ओठ मिटून मान हलवली, आम्ही डोळ्यांसकट पिशवी टाकीत बसवली. पाणी भरलं, डोळे हळूहळू मोठे झाले. हवा सोडली. पिशवी चेपायला लागली तशा पापण्या खाली आल्या, डावा डोळा बारीक झाला, आणि मिटला. मग उजवा. आमचा लेथवरचा माणूस चटकन हात जोडून उभा राहिला. पुन्हा भरलं, डोळे उघडले. आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो. मॅडम हसत नव्हत्या. त्या टाकीला नाक लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पुन्हा करा." मग पुन्हा, मग पुन्हा.

संध्याकाळी त्यांनी मला समजावलं. डावा डोळा नेहमी आधी मिटतो, म्हणजे पिशवी डावीकडून आधी बसते. घडी तोंडाजवळ पडली तर अर्धं पाणी मागे अडकून राहील. नुसतं काळं रबर असतं तर ही घडी त्यांना इतकी लवकर कळली नसती. त्यांनी हवा आत घ्यायची जागा बदलली. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे एकदम मिटले. मॅडम तेव्हा पहिल्यांदा दत्तूला म्हणाल्या, "आपले डोळे चांगले आहेत." दत्तू लाजला. तो लाजलेला मी त्याआधी बघितला नव्हता.

पिशवी महिनाभर भरली, चेपली, भरली, चेपली. आणि मग शेवटची चाचणी आली. नियम असा की जी पिशवी इतकी वापरून झाली तीच दाब वाढवत नेऊन फोडायची. ती ठरलेल्या दाबाच्या पुढे टिकली तर मॉडेल पास. नवी पिशवी चालत नाही, कारण नवी पिशवी थकलेली नसते. मला वाटलं हे मालकांनी दत्तूला सांगितलं असेल, मालकांना वाटलं मी सांगितलं असेल. दत्तू हौसेनं बघायला आला आणि त्याला तिथे कळलं.

"फोडायची म्हणजे?"

"म्हणजे फोडायची."

दत्तूनं पिशवीकडे बघितलं. पिशवीनं जराशी खाली नजर करून दत्तूकडे बघितलं. आम्ही चहाला गेलो. परत येतो तर टाकी उघडी, पिशवी नाही, दत्तू नाही. रखवालदार म्हणाला, पंच्यात काहीतरी गुंडाळून रोह्याच्या स्टँडकडे गेला.

मॅडमना दोन दिवसांत अहवाल द्यायचा होता. मालकांनी खिशातून कुलपाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी घरी गेलो तर रूथनं माळ्यावरची सूटकेस काढून उन्हात ठेवली होती. "वास घालवायला," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून जोह्याला गेलो.

दत्तूनं पिशवी कारखान्यातल्या फळीवर मूर्तींच्या ओळीत बसवली होती. शेजारी दोन गणपती आणि मधे ही, पोट फुगवून.

"दत्तू, दे ती."

"नाय."

"अरे, त्यात देव नाय. प्राणप्रतिष्ठा कुठं केलीय?"

"देव नाय, ठाऊक हाय मला. पण बघतंय ना ते? महिनाभर तुमच्याकडं उघडझाप करत होतं. आता त्याच्या डोळ्यांदेखत त्यालाच फोडायचं? माझा बाप मला कारखान्यातनं हाकलंल."

"तुझा बाप जाऊन दहा वर्षं झाली."

"म्हणून काय झालं?"

माझा आवाज चढला. म्हटलं, "ही पिशवी नाय दिलीस तर मला इस्रायलला जावं लागल. बाईनं सूटकेस काढलीय. मग बस हिला बघत."

दत्तू मातीचा हात लुंगीला पुसत राहिला. मग म्हणाला, "जायचंय तुला?"

"नाय रे," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू आलं. पंचेचाळिशीचा माणूस मी, गणपतींच्या रांगेसमोर रडत उभा. दत्तूची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्याकडे बघून तशीच परत गेली.

दत्तू पिशवीकडे बघत म्हणाला, "कोरडं फोडायचं नाय. आपल्याकडं बघणारं जातं ते पाण्यातनं जातं. पाण्यात जाऊन काय व्हायचं ते होऊ दे. मग माझी ना नाय."

मी बूथवरून वर्कशॉपला फोन लावला, भीतभीत मॅडमना सांगितलं. पलीकडे कागदावर पेन्सिल खरखरली. मग मॅडम म्हणाल्या, "इसाजी, पाण्यानं भरलेली पिशवी पाण्यात बुडवली तर तिला स्वतःचं वजन उरत नाही. ती लोंबणार नाही. चारी बाजूंनी सारखी फुगेल, वर फुगते तशी. हे मला आधी सुचायला हवं होतं. नदी कुठे आहे?"

नदी रोह्याला होतीच. वरच्या वीजकेंद्राचं पाणी सुटतं म्हणून कुंडलिका चैत्रातही भरलेली. घाटावर आम्ही पंप मांडला, प्रेशर गेज मांडलं. पिशवी लोखंडी पिंजऱ्यात ठेवून दोरीनं खाली सोडली. मॅडमनी आतल्या पाण्यात रंग घालायला सांगितला, गळलं तर दिसावं म्हणून. कुठला रंग विचारलं तर म्हणाल्या, "सोलकढीचा."

गर्दी जमायला किती वेळ लागतो? पंच्यातून काढून काहीतरी पाण्यात सोडताना बघितलं आणि अर्धं रोहा घाटावर. "गणपती चैत्रात? कुठलं मंडळ?" कुणीतरी ओरडलं.

"अवकाश मित्र मंडळ," मी सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या.

मॅडम साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या. मी दाब वाढवत नेला. पाण्याखाली डोळे मोठे होत गेले, अजून मोठे, बशीएवढे. दत्तू पायरीवर उकिडवा बसून त्यांच्याकडे एकटक बघत होता. गेजचा काटा लाल खुणेजवळ आला. रूथ गर्दीत मागे उभी होती. तिला मी बोलावलं नव्हतं. काटा खुणेवर आला, थांबला, थरथरला आणि पुढे गेला. बराच पुढे गेला.

मग पाण्याखालून ढेकर दिल्यासारखा एक आवाज आला आणि कुंडलिकेत एक मोठं गुलाबी फूल उमललं.

"मोरया!" घाट ओरडला. आम्हीही ओरडलो. मॅडमही ओरडल्या, शुद्ध उच्चारात. दत्तूनं हात जोडले, नाक ओढलं आणि म्हणाला, "बघत बघत गेलं बिचारं." रूथ माझ्याजवळ आली. म्हणाली, "चला घरी. ती सूटकेस पुन्हा माळ्यावर टाकायचीय, माझा हात पोचत नाय."

वर्कशॉप त्यानंतर चाललं. मीच पुढे थकलो, ते नाही. वर जी खरी पिशवी गेली ती वेगळ्या रबराची, दुसरीकडे बनलेली. दत्तूचं रबर तिथे चाललं नसतं, मॅडमनी तसं स्पष्ट सांगितलं. पण एकदा त्यांचा फोन आला, की घडी कळावी म्हणून पिशवीवर दोन गोल खुणा ठेवल्यात, दत्तूनं डोळे आखले होते अगदी त्याच जागी. मी धावत जोह्याला गेलो. दत्तूचा आनंद तोंडावर मावेना. आणि एकदम त्याचा चेहरा पडला.

"नुसते गोल? बुबुळं?"

"नसतील."

"म्हणजे आंधळंच धाडलं ना रं!"

तो जेवेना म्हणून मीच मॅडमना परत फोन केला. त्या खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, पेटी बंद करण्यापूर्वी मी दोन ठिपके दिले आहेत. नजर खाली ठेवली आहे." हे खरं की एका म्हाताऱ्या होत चाललेल्या कारागिराचं मन राखायला, हे मी त्यांना विचारलं नाही. दत्तूला सांगितलं. तो म्हणाला, "मग दिसल त्याला पेण," आणि जेवायला बसला.

त्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. ते स्थानकसुद्धा उरलं नाही, मी रूथला कितीदा सांगितलंय. ती ऐकून घेते. पण गच्चीत कपडे वाळत घालायला गेली की आधी वर एकदा बघते आणि पदर सारखा करते. म्हणते, आपली एवढी माणसं विमानातनं गेली, एकानं खाली वळून बघितलं नाय. कुणीतरी बघत असलं तर बरं दिसायला नको?